न परवडणारे शहर आणि प्रभागाचा उमेदवार

बृहन्मुंबई महापालिकेत २२७ नगरसेवक निवडून जातात. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या निवडणुकीच्या मतदारयादीत एक कोटी तीन लाखांहून अधिक नावे होती. म्हणजे सरासरी पंचेचाळीस हजार मतदारांमागे एक नगरसेवक. राज्यातल्या कित्येक छोट्या शहरांची सगळी लोकसंख्याही एवढी नसते. या मतदारांपैकी फार मोठ्या वर्गाला एकच काळजी आहे: ज्या वस्तीत जन्म गेला, जिथे मुलांची शाळा आहे, तिथे यापुढे राहणे जमेल का? गिरगाव, दादर, परळ, लालबागमधली कुटुंबे आधी बोरिवली-मुलुंडला गेली, मग डोंबिवली-विरारला आणि आता बदलापूर-नेरळपर्यंत सरकली. माणसे गेली तरी त्यांच्या नोकऱ्या मुंबईतच राहिल्या, आणि त्यांचे रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये जाऊ लागले.

त्यामुळे पालिकेच्या निवडणुकीत घराचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. उमेदवार घराचे आश्वासन देतात, पक्षांचे वचननामे लाखो घरांचे आकडे मांडतात. पण घराची किंमत ठरवणाऱ्या बहुतेक गोष्टी नगरसेवकाच्या हातात नसतात. ज्या गोष्टी त्याच्या हातात असतात त्यांचा उल्लेख वचननाम्यात क्वचितच सापडतो. उमेदवाराचे अग्रक्रम काय असावेत हे ठरवायचे तर आधी परवडणे कशाला म्हणतात, शहर इथवर कसे आले आणि पालिकेचे अधिकार कुठे सुरू होऊन कुठे संपतात, हे पाहावे लागते.

परवडण्याचा हिशेब

केंद्र सरकारने नेमलेल्या दीपक पारेख यांच्या कृतिगटाने २००८ साली एक ढोबळ माप दिले. घराची किंमत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या चौपटीपेक्षा जास्त नसावी. महिना पन्नास हजार रुपये मिळवणाऱ्या कुटुंबाला या मापाने चोवीस लाखांचे घर परवडते. जीएसटीची एक टक्क्याची सवलत मिळण्यासाठी केंद्राने २०१९ मध्ये परवडणाऱ्या घराची कमाल किंमत ४५ लाख रुपये ठरवली. महानगरांत या घराचे क्षेत्रफळही ६० चौरस मीटरच्या आत असावे लागते. मुंबईच्या हद्दीत अशी नवी घरे फार विरळ आहेत.

२०२५ च्या अखेरीस महापालिकेने ४२६ घरांची स्वतःची सोडत काढली. मोठ्या प्रकल्पांतून विकासकांनी पालिकेला द्यावयाची ही घरे अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांसाठी होती. अत्यल्प गटाची उत्पन्नमर्यादा वर्षाला सहा लाख रुपये होती. तरी बहुतेक घरांची किंमत पन्नास लाखांच्या वर होती आणि भायखळ्यासारख्या ठिकाणी ती एक कोटीच्या घरात गेली. वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी ८० लाखांचे कर्ज काढले तर मासिक हप्ता सुमारे ६९ हजार रुपये येतो. ज्या कुटुंबासाठी घर राखून ठेवले त्याच्या सगळ्या पगारापेक्षा हा हप्ता मोठा आहे. सोडत पारदर्शक होती, पण अर्ज करण्याची पात्रता आणि घर घेण्याची ऐपत यांचा एकमेकींशी मेळ बसत नव्हता. या एका उदाहरणात मुंबईच्या सगळ्या परवडणाऱ्या घरांच्या धोरणाचे दुखणे दिसते. घरे बाजारभावाचा आधार धरून विकली जातात, आणि बाजारभाव उत्पन्नाच्या कितीतरी पुढे निघून गेला आहे.

शहरात टिकून राहण्याचा खर्च घराच्या किमतीपुरताही नसतो. भाडेकरूला अनामत रक्कम, दलाली आणि दर अकरा महिन्यांनी नव्या कराराची धास्ती असते. पुनर्विकासात मोठे घर मिळालेल्या निवृत्त माणसाला टॉवरचा मेंटेनन्स झेपत नाही. वस्तीतल्या कुटुंबाला पाण्याच्या हंड्यासाठी आणि सार्वजनिक शौचालयासाठीही पैसे मोजावे लागतात. बसभाडे, शाळेची फी, दवाखान्याचे बिल हे सगळे याच हिशेबात येते. नगरसेवकाच्या दृष्टीने हा दुसरा खर्च अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्याच्यावर पालिकेची थेट सत्ता चालते.

सरकार घर बांधत होते तो काळ

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. न्यासाने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती वसवल्या आणि कामगारांसाठी चाळीही बांधल्या. १९३३ मध्ये हा न्यास महापालिकेत विलीन झाला, आणि त्याच्या जमिनी व चाळी पालिकेकडे आल्या. दरम्यान १९२० मध्ये सरकारने विकास खाते उघडले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या २०७ बीडीडी चाळी या खात्याने उभारल्या. एकशेसाठ चौरस फुटांच्या त्या खोल्यांत सोय कमी होती, पण गिरणीतल्या मजुराला त्यांचे भाडे देता येत होते. शंभर वर्षांनी त्या चाळींच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत आणि मूळ रहिवाशांना पाचशे चौरस फुटांची घरे मिळत आहेत. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या.

भाड्याची घरे हा मुंबईच्या कामगारवस्तीचा पाया होता. तो दोन बाजूंनी खचला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. महागाईच्या काळात भाडेकरूला मिळालेले हे संरक्षण रास्त होते, पण पन्नास वर्षे आकडा हलला नाही. घरमालकांनी दुरुस्ती सोडली, नवी भाड्याची घरे बांधणे थांबले आणि पागडीचा व्यवहार फोफावला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली. नवा कायदा १९९९ मध्ये झाला. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ पासून उपकर सुरू झाला होता आणि त्या वेळी १९,६४२ इमारती उपकरप्राप्त म्हणून नोंदल्या गेल्या. त्यांतल्या हजारो इमारती आजही पुनर्विकासाची वाट पाहत उभ्या आहेत. दर पावसाळ्यापूर्वी त्यांतल्या अतिधोकादायक इमारतींची यादी निघते आणि रहिवाशांना संक्रमण शिबिरात जायच्या नोटिसा मिळतात.

दुसरी बाजू जमिनीची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि शहराच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी होण्याची शक्यता निर्माण झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनीचे तीन भाग कल्पिले: एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची, असे ठरले. शहराच्या वाट्याला येणारे क्षेत्र एकदम आक्रसले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. दीड लाखापेक्षा जास्त गिरणी कामगारांनी व वारसांनी घरांसाठी अर्ज केले आणि त्यांतल्या बहुतेकांची वाट पाहणे संपलेले नाही. मुंबईला मध्यवर्ती भागात परवडणारी घरे बांधण्याची अशी संधी पुन्हा आलेली नाही, आणि ती एका नियमातल्या शब्दांच्या बदलाने गेली.

१९९५ नंतर सरकारने घरे बांधण्याऐवजी चटईक्षेत्र देऊन घरे बांधून घेण्याचा मार्ग धरला. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण त्याच वर्षी आले. विकासकाने झोपडीधारकाला मोफत घर द्यायचे आणि बदल्यात मिळालेले जादा बांधकाम बाजारात विकायचे, ही योजना. शहरातल्या सुमारे बेचाळीस टक्के लोकांचे वास्तव्य २०११ च्या जनगणनेनुसार झोपडपट्टीत होते, त्यामुळे कल्पना मोठी होती. पण तिचे सगळे गणित विक्रीच्या घराच्या किमतीवर उभे आहे. जिथे जमीन महाग तिथे विकासक धावतात आणि जिथे स्वस्त तिथे योजना वर्षानुवर्षे रखडतात. घरे महाग असली तरच गरिबाला मोफत घर मिळेल, अशी ही रचना आहे. त्याच २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी सापडली होती. नुसती घरांची संख्या वाढवली की प्रश्न सुटतो, या समजुतीला हा आकडा छेद देतो.

अधिकार कुणाचे

मुंबई महापालिका १८८८ च्या कायद्याने चालते. कार्यकारी सत्ता राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असते. महापौरांकडे सभागृहाचे अध्यक्षपद असते, पण प्रशासन नसते. नगरसेवकाची ताकद सभागृहात आणि समित्यांत असते: स्थायी समितीकडे पैशांचे प्रस्ताव येतात, सुधार समितीकडे जमिनीचे, आणि शिक्षण व बेस्ट या स्वतंत्र समित्या आहेत. ७ मार्च २०२२ रोजी मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षे प्रशासकाने एकहाती कारभार केला. चार अर्थसंकल्प लोकप्रतिनिधींच्या चर्चेशिवाय मंजूर झाले. न परवडणाऱ्या शहरात या गैरहजेरीची किंमत सामान्य माणसानेच मोजली, कारण बसभाडे वाढले तेव्हा किंवा भूखंडांचे निर्णय झाले तेव्हा त्याच्या बाजूने सभागृहात उभे राहणारे कुणी नव्हते.

घरबांधणीचा मोठा भाग पालिकेच्या कक्षेबाहेर आहे. झोपडपट्टी योजनांसाठी पुनर्वसन प्राधिकरण हेच नियोजन प्राधिकरण आहे. म्हाडाच्या वसाहतींचे नकाशे म्हाडा मंजूर करते, वांद्रे-कुर्ला संकुल एमएमआरडीएकडे आहे आणि धारावीसाठी वेगळी व्यवस्था आहे. मुद्रांक शुल्क, भाडेकायदा, रेडीरेकनरचे दर हे राज्याचे विषय. व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या धोरणावर अवलंबून. एखाद्या प्रभागाच्या नकाशावर ही सगळी क्षेत्रे रंगवली तर पालिकेच्या ताब्यातले तुकडे किती उरतात ते लगेच दिसते. ‘निवडून आल्यावर सर्वांना घर’ असे म्हणणारा उमेदवार जे वचन देतो, ते पाळण्याचे साधन त्याला कायद्याने दिलेलेच नाही.

रोजचा खर्च: पालिकेचे हुकमी क्षेत्र

पाण्यापासून सुरुवात करणे योग्य. भातसा, तानसा, वैतरणेच्या धरणांतून येणारे पाणी पालिकेच्या नळाला अत्यंत स्वस्त दरात मिळते. ज्या वस्तीला जोडणीच नाही तिला तेच पाणी पिंपाने आणि कॅनने कितीतरी पट भावात घ्यावे लागते. गरीब माणूस श्रीमंतापेक्षा महाग पाणी पितो, हे मुंबईतले जुने वास्तव आहे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निर्णय दिला की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाचा पाण्याचा हक्क नाकारता येत नाही. २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. ते धोरण प्रभागातल्या शेवटच्या गल्लीपर्यंत पोहोचवणे हे नगरसेवकाचे काम आहे. जलअभियंत्याकडे अर्ज किती पडून आहेत, कोणत्या वस्तीत जलवाहिनीच नाही, कुठे मधला माणूस जोडणीचे पैसे खातो, हे त्याला नावनिशीवार माहीत असायला हवे. एका सामायिक जोडणीने कुटुंबाचे महिन्याला काही शे रुपये वाचतात. घरकामाला जाणाऱ्या बाईच्या हिशेबात ती रक्कम मोठी असते.

शौचालयाचेही तसेच. वस्त्यांमधल्या सामुदायिक शौचालयांसाठी मासिक पास असतो किंवा प्रत्येक वेळी पैसे द्यावे लागतात. पाच-सहा माणसांच्या घरात हा खर्च रोजचा आहे, आणि पैसे वाचवायला बायका पाणी कमी पितात. त्याचे परिणाम मग दवाखान्यात दिसतात. मोडकी दारे, बंद दिवे आणि गळक्या टाक्या दुरुस्त करायला नगरसेवक निधी पुरतो. प्रवेशद्वारे आणि नामफलक उभारण्यात तो निधी घालणे ही या पदाची सर्वांत वाया गेलेली शक्यता आहे.

बेस्ट १९४७ मध्ये पालिकेने ताब्यात घेतली. २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपये केले गेले आणि प्रवासी परत आले. ९ मे २०२५ पासून ते दहा रुपये झाले, वातानुकूलित बसचे सहावरून बारा. त्याच काळात बसगाड्यांची संख्या घटत गेली. दीड दशकापूर्वी साडेचार हजारांच्या आसपास असलेला ताफा २०२५ पर्यंत तीन हजारांच्या खाली आला, आणि त्यातही बेस्टच्या मालकीच्या गाड्या थोड्या, भाडेतत्त्वावरच्या जास्त. बस वीस मिनिटे आली नाही की माणूस शेअर रिक्षा पकडतो आणि दुप्पट पैसे देतो. सागरी किनारा मार्गाच्या दक्षिण टप्प्यावर पालिकेने सुमारे चौदा हजार कोटी रुपये खर्च केले. मोटारीने जाणाऱ्याला तो रस्ता टोल न भरता वापरता येतो. २०२५-२६ चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता. एवढ्या अर्थसंकल्पाच्या शहराला बसचा तोटा परवडत नाही, हे म्हणणे टिकत नाही. बसला तोट्यातला धंदा न मानता रस्ते-दिव्यांसारखी मूलभूत सेवा मानावी, ही मागणी प्रत्येक उमेदवाराच्या पहिल्या तीन अग्रक्रमांत असायला हवी. आगारांच्या जमिनी विकासाला देण्याचे प्रस्तावही याच संदर्भात तपासावे लागतात. शहराच्या मध्यभागी एकदा गेलेली आगाराची जागा पुन्हा मिळत नाही.

शाळा आणि दवाखाना यांबाबत पालिकेकडे जमेची बाजू आहे. केईएम, नायर, शीव ही रुग्णालये देशभरातल्या रुग्णांचा आधार आहेत. प्रभागपातळीवरचे दवाखाने मात्र संध्याकाळी बंद असत, आणि मजुरी सोडून सकाळी रांगेत उभे राहणे ज्यांना शक्य नाही ते खासगी डॉक्टरकडे जात. २०२२ पासून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेने संध्याकाळची वेळ आणि मोफत चाचण्या आणल्या. ते चालू राहतात का, औषधे असतात का, हे पाहणे एवढेच काम उरते, पण ते सातत्याने करावे लागते.

जमीन राखणे

घरांच्या बाबतीत नगरसेवकाची खरी सत्ता जमिनीवर आहे, आणि ती सर्वांत कमी वापरली जाते.

विकास आराखडा २०३४ ला मे २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात शाळा, मंडई, उद्यान, दवाखाना, परवडणारी घरे यांसाठी भूखंड आरक्षित आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात येऊन दहा वर्षे झाली आणि आरक्षित जमीन घेतली गेली नाही, तर मालक खरेदी सूचना बजावू शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप गळून पडते. २०१८ मध्ये दहा मिळवले की २०२८ येते. जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाच्या ऐन मध्यावर अशा सूचनांचा ओघ सुरू होऊ शकतो. संपादनाचे प्रस्ताव सुधार समितीकडे येतात. ते फेटाळणे जेवढे घातक, तेवढेच ‘पुढील बैठकीत’ म्हणून ढकलत राहणेही. प्रभागातल्या प्रत्येक आरक्षित भूखंडाची यादी, त्याची सद्यस्थिती आणि मोजणीचा नकाशा तयार ठेवणे हे उमेदवाराचे निवडणुकीआधीचेच काम आहे. मतदारानेही त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा.

भाडेपट्ट्याच्या जमिनींचा विषय याला लागूनच आहे. महालक्ष्मी रेसकोर्सपासून सुधार न्यासाच्या वारशाने आलेल्या छोट्या भूखंडांपर्यंत पालिकेने चार हजारांहून अधिक जागा भाडेपट्ट्याने दिल्या आहेत. अनेकांचे पट्टे संपले आहेत किंवा संपत आहेत. पट्टा कोणत्या अटींवर नूतन करायचा, पुनर्विकासात पालिकेचा हिस्सा पैशांत घ्यायचा की घरांत, हा निर्णय सभागृहापुढे येतो. पैशांत घेतलेला हिस्सा अर्थसंकल्पात विरून जातो. घरांत घेतलेला हिस्सा परिचारिका, सफाई कामगार, बसवाहक आणि नुकती नोकरी लागलेली तरुण मुले यांच्यासाठी भाड्याने देण्याजोगा साठा बनू शकतो. ४२६ घरांच्या सोडतीतला पेचही इथेच सुटू शकतो. विकासकांकडून मिळालेले घर एक कोटीला विकण्याऐवजी उत्पन्नाच्या प्रमाणात भाड्याने दिले, तर ते कायमचे पालिकेचे राहते आणि एका कुटुंबानंतर दुसऱ्याच्या उपयोगी पडते. एमएमआरडीएने २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना आणली होती, पण ती पुढे मालकीच्या घरांकडे वळवली गेली. भाडेवसुली आणि देखभाल यांची कटकट नको, हे प्रत्येक यंत्रणेला वाटते. भाड्याच्या घरांशिवाय परवडणारे महानगर जगात फारसे कुठे उभे राहिलेले नाही.

व्हिएन्ना हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. तिथल्या नगरपालिकेने १९२३ मध्ये घरांवर चढता कर बसवला, आलिशान घरांना जबर आणि कामगारांच्या खोल्यांना नाममात्र. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक भाड्याची घरे बांधली. आजही त्या शहराच्या मालकीची सुमारे दोन लाख वीस हजार घरे आहेत. व्हिएन्ना शहर असूनही १९२२ पासून स्वतंत्र राज्य आहे, म्हणून कर बसवण्याचा तो अधिकार त्याच्याकडे होता. मुंबईकडे तो नाही. जमीन मात्र मुंबईकडेही आहे.

घर कुठे आहे, हेही किमतीइतकेच महत्त्वाचे ठरते. माहुलमध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी प्रकल्पबाधितांसाठी इमारती बांधल्या गेल्या. तिथल्या हवेबद्दल रहिवाशांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि उच्च न्यायालयाने त्यांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही अशी भूमिका घेतली. २०२५ मध्ये पालिकेने त्यांतली हजारो रिकामी घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना साडेबारा लाखांच्या आसपास विकायला काढली, तरी घेणारे थोडेच पुढे आले. मुंबईत एवढ्या स्वस्तात घर नाकारले जाते, तेव्हा दोष घेणाऱ्याचा नसतो.

लहान घरांचा मुद्दा विलेपार्ल्यातून जोरात पुढे आला. पार्ले पंचम या संस्थेने मागणी केली की नव्या इमारतींत वीस टक्के घरे लहान आकाराची असावीत आणि पहिले वर्षभर निम्मी घरे मराठी माणसांसाठी राखून ठेवावीत. दुसऱ्या मागणीसाठी राज्याचा कायदा लागेल आणि तो न्यायालयात टिकवावा लागेल. पहिली मागणी मात्र नियमावलीच्या चौकटीत बसणारी आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवर लहान सदनिकांचा वाटा देण्याचा नियम २०३४ च्या नियमावलीत आहेच. प्रश्न त्याहून लहान भूखंडांचा, जिथे जुन्या मुंबईतला बहुतेक पुनर्विकास होतो. नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ नुसार महापालिका स्वतः ठराव करून नियमात फेरबदल सुचवू शकते, त्यावर हरकती-सूचना मागवते आणि मंजुरीसाठी राज्याकडे पाठवते. अंतिम शब्द राज्याचा असला तरी पहिला शब्द सभागृहाचा असू शकतो. लहान घर घेणारा बहुधा त्याच वस्तीतला असतो, ही गोष्ट पार्लेकरांनी नेमकी ओळखली. त्यामुळे दोन मागण्यांपैकी पहिली मिळाली तरी दुसरीचा बराच हेतू साधतो.

मालमत्ता कर आणि तिजोरीची सवय

पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचे वचन २०१७ च्या पालिका निवडणुकीत दिले गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये ते पूर्ण झाले. पालिकेच्या निवडणुकीत दिलेले आणि खरोखर अमलात आलेले हे मोठे आश्वासन, पण त्यासाठीही राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय लागला. पुढची पायरी म्हणून सातशे चौरस फुटांपर्यंत माफीचे आश्वासन देणे सोपे आहे. ते देण्यापूर्वी पालिकेच्या उत्पन्नाचे बदललेले रूप ध्यानात घ्यायला हवे. जुलै २०१७ मध्ये जीएसटीमुळे जकात गेली आणि तिच्या जागी राज्याकडून येणारी भरपाई आली. मालमत्ता करावर सवलतींची मर्यादा पडली. मग उरले विकासकांकडून मिळणारे प्रीमियम आणि शुल्क. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने वर्षअखेरपर्यंत प्रीमियम निम्मे केले, तेव्हा प्रस्तावांचा पूर आला आणि पालिकेच्या विकास नियोजन खात्याने विक्रमी रक्कम गोळा केली.

याचा अर्थ गंभीर आहे. जमिनीचे भाव चढले आणि चटईक्षेत्र विकले गेले की पालिकेचा अर्थसंकल्प फुगतो. घरे स्वस्त व्हावीत असे म्हणणाऱ्या संस्थेचे उत्पन्नच घरे महाग राहण्यावर विसंबू लागले आहे. परवडणाऱ्या शहराची भाषा करणाऱ्या उमेदवाराने या प्रीमियमचा ठरावीक वाटा स्वतंत्र निधीत टाकून फक्त भाड्याची घरे आणि सार्वजनिक वाहतूक यांवर खर्च करण्याची मागणी लावून धरली पाहिजे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आयुक्त अर्थसंकल्प मांडतात, स्थायी समितीत चर्चा होते आणि मार्चअखेरपर्यंत सभागृहाची मंजुरी लागते. ती मागणी मांडायची वेळ हीच.

पुनर्विकासात नगरसेवकाची भूमिका मदतनीसाची आहे. कागदपत्रे, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालील मार्गदर्शक सूचना, संक्रमण काळातले थकलेले भाडे, रखडलेले भोगवटा प्रमाणपत्र यांत रहिवाशांना जाणत्या माणसाची गरज असते. तो माणूस विकासकाचा भागीदार नसावा, ही अट पाळणारा नगरसेवक रहिवाशांना फार उपयोगी पडतो. नवी इमारत झाल्यावरचा मेंटेनन्स किती येईल आणि त्यासाठी कॉर्पस किती हवा, हा हिशेब करारावर सही होण्याआधी रहिवाशांसमोर मांडला गेला तर बरीच ज्येष्ठ कुटुंबे वस्तीत टिकतील.

पुढच्या आराखड्याची तयारी

२०३४ च्या आराखड्याचे काम २०११ च्या सुमारास सुरू झाले होते. विद्यमान भूवापराचे सर्वेक्षण एका सल्लागार कंपनीकडून झाले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुदा आला तेव्हा त्यात चुकांचा खच होता. उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले होते, अनेक वारसा वास्तू नकाशातून गायब होत्या. साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या, एप्रिलमध्ये सरकारने तो मसुदा बाजूला ठेवायला लावला आणि २०१६ मध्ये सुधारित मसुदा निघाला. मुंबईकरांनी एकत्र येऊन नियोजनाचा कागद बदलायला लावल्याचे हे अलीकडचे ठळक उदाहरण आहे.

त्या आराखड्याला सर्वेक्षणापासून मंजुरीपर्यंत सुमारे सात वर्षे लागली. पुढचा आराखडा वेळेवर व्हायचा तर त्याच्या भूवापर सर्वेक्षणाची तयारी २०२६ ते २०३१ याच सभागृहाच्या कारकिर्दीत हाती घ्यावी लागेल. कोणती चाळ निवासी म्हणून नोंदली जाते, कोणती मंडई, कोणता कोळीवाडा, कोणते मैदान नकाशावर येते आणि कोणते सुटते, हे त्या सर्वेक्षणात ठरते. प्रभाग समितीने आपल्या हद्दीचा नकाशा रहिवाशांसोबत आधीच तयार केला असेल, आगार, शाळा, पालिकेच्या वसाहती आणि भाडेपट्टे त्यावर नोंदवले असतील, तर सर्वेक्षण करणाऱ्यांपुढे तो पुरावा म्हणून ठेवता येतो. परवडणाऱ्या घरांसाठी, विशेषतः भाड्याच्या घरांसाठी, कोणते भूखंड राखायचे याची शिफारसही तिथेच जोडता येते.